लिदीच्या तळघरातली निळी बुरशी

फ्रान्समधल्या शातियों गावच्या शुक्रवारच्या बाजारात माझं पावाचं टेबल दोन चीजवाल्यांच्या मधोमध लागतं. डावीकडे लिदी ओजां, शेळीच्या दुधाची पिकोदों घेऊन. तळहातावर मावतील अशा चपट्या, पांढुरक्या चकत्या. उजवीकडे व्हेरकोरच्या पठारावरून घाट उतरून येणारा अमेदे. त्याची गाईच्या दुधाची जाडजूड निळी चाकं सुरीने कापली की आत संगमरवरासारख्या रेघा दिसतात. गिऱ्हाईक माझ्याकडून पाव घेतं आणि बरोबर काय खावं म्हणून दोन्हीकडे बघतं. त्यामुळे या दोघांची जुगलबंदी वर्षानुवर्षं माझ्याच डोक्यावरून चालत आलेली.

"काय निळोबा," लिदी सुरुवात करायची. "आज बुरशी फारच माजलीय. गिऱ्हाइकाला सुरी देता की फावडं?"

अमेदे निवांत सुरी पुसत राहायचा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागे. पाच-सहा गिऱ्हाइकं होऊन जायची आणि मग तो म्हणायचा, "मादाम ओजां, तुमचं चीज मघाशी एका म्हाताऱ्याने खिशात टाकलं. कोटाचं बटण पडलं असं वाटलं त्याला."

लिदी सत्तरीला टेकलेली, बारीक चणीची, हातापायांनी चपळ. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावाबाहेरच्या उतारावर ती तीसेक शेळ्यांबरोबर एकटी राहायची आणि धार हातानेच काढायची. यंत्राच्या आवाजाने शेळ्यांची मनं मोडतात, असं तिचं म्हणणं. अमेदे तिच्याच वयाचा. मोठ्या पिकलेल्या मिशा, आणि उन्हाळा असो की हिवाळा, डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी. बायको गेल्यावर त्याने गाई मुलाच्या आणि सुनेच्या हाती दिल्या, पण तळघर स्वतःकडे ठेवलं. चीजला लांब सुयांनी टोचायचं, म्हणजे आत हवा जाऊन निळी बुरशी धरते, ते काम तो कुणाला करू द्यायचा नाही. इतकी वर्षं शेजारी टेबल लावूनही दोघं एकमेकांना अहो-जाहोच करत.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी लिदीचं टेबल लागलंच नाही. दहाच्या सुमाराला पोस्टवाली बाई सांगत आली. आदल्या दिवशी लिदी चीजचा ट्रे घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरताना घसरली. खुबा मोडला. तिला व्हालांसच्या इस्पितळात नेलं होतं आणि आजच शस्त्रक्रिया होती.

अमेदेच्या हातात अर्धवट कापलेलं चीज होतं. त्याने सुरी खाली ठेवली.

"शेळ्यांची धार कोणी काढली?" त्याने विचारलं.

"काल शेजाऱ्याने कशीबशी काढली. आज कोण काढणार, देव जाणे. शेतकरी संघाकडे बदली माणूस मागितलाय, पण या दिवसांत सगळ्यांकडेच व्यायलेली जनावरं. दोन-तीन आठवडे तरी कुणी मिळायचं नाही."

समोर चार गिऱ्हाइकं उभी होती. अमेदेने टेबलामागून जाकीट काढलं, गाडीची किल्ली शोधली आणि मला म्हणाला, "मागाली, माझं उरलेलं तू विक."

"अहो, पण तुम्ही कुठे निघालात?"

"धार काढायला."

संध्याकाळी मी एक पाव घेऊन तिकडे गेले. गोठ्यात अमेदे लिदीच्या तिपाईवर बसला होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. बादली आडवी पडली होती. कळपाची पुढारीण, जिला लिदी बारोनेस म्हणते, ती त्याच्याकडे पाठ करून रवंथ करत होती. बाकीच्या शेळ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. सगळ्यांनी पान्हा चोरला होता.

"गाय असती तर एव्हाना घरी गेलो असतो," तो म्हणाला. "या बायका माझ्याकडे असं बघतायत, जसा मी मेलेल्या माणसाचं कपाट उघडायला आलोय."

लिदी शस्त्रक्रियेतून बाहेर आली होती. मी इस्पितळात फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. ती गुंगीत असेल असं मला वाटलं होतं, पण तिचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला.

"कोण? निळोबा? माझ्या गोठ्यात?"

"हो."

"दाराच्या मागे माझा निळा कोट आहे. तो घाला. आणि बोला त्यांच्याशी. मी सारखी बोलत असते. आवाज थांबला की त्या पान्हा आखडतात."

"काय बोलू?"

"काहीही बोला. तुम्हाला बोलता येत नाही हे त्यांना कशाला कळू देता?"

लिदीचा कोट त्याच्या खांद्यांना पुरेना. बाह्या कोपरापाशी संपत होत्या. तो बारोनेसपाशी बसला, घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग लहानपणी चीजच्या शाळेत घोकून घेतलेलं जे त्याला तोंडपाठ होतं, तेच म्हणू लागला. देशातल्या चीजांची नावं, उत्तरेकडून सुरुवात करून. "मारवाल. नफशातेल. कामांबेर, लिव्हारो, पों-लेव्हेक." दर नावाला एक धार. "ब्री. शाउर्स. मुन्स्तेर." बारोनेसने मान वळवून पाहिलं. "कोंते, मोरबिये, मों-दोर. रब्लोशों, आबोंदांस, बोफोर." बादलीत दूध वाजायला लागलं. सें-नेक्तेर आणि कांतालपर्यंत तो पोचला तेव्हा दुसरी शेळी आपणहून पुढे येऊन उभी राहिली होती.

फोन चालूच होता. फळीवरून लिदीचा आवाज आला, "मुन्स्तेरच्या आधीचं लांग्र विसरलात."

"बरं. लांग्र."

"आणि रोकफोर म्हणू नका. ते मेंढीचं. बारोनेसला मेंढ्या आवडत नाहीत."

"नाही म्हणत."

"आणि एवढ्या यादीत शेळीचं एकही नाही? माझ्या गोठ्यात, माझा कोट घालून?"

अमेदे खरोखर ओशाळला. "आम्हाला ती शेवटी शिकवायचे," तो म्हणाला. "तोवर सुट्टी लागायची."

त्या दिवसापासून तो लिदीच्याच घरी, माडीवरच्या पाहुण्यांच्या खोलीत राहू लागला. सकाळ-संध्याकाळ धार काढताना लिदीचा फोन यायचा. अमेदे तो फळीवर ठेवायचा. ती त्याला शेळीची चीजं शिकवायची. व्हालांसे, मुंडकं छाटलेल्या पिरॅमिडसारखं. सांत-मोर, लांबट, आतून गवताची काडी घातलेलं. बानों, चेस्टनटच्या पानांत गुंडाळलेलं. तो शेळ्यांना ती नावं म्हणून दाखवायचा. इस्पितळात तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई सुद्धा संध्याकाळ झाली की विचारायची, "आज दूध किती निघालं?"

हळूहळू नावं संपली आणि दुसरं बोलणं सुरू झालं. पण थेट नाही. दोघंही शेळ्यांच्या मार्फत बोलायची.

"बारोनेस," लिदी तिकडून म्हणायची, "विचार बरं यांना, दुपारी नीट जेवतात का."

"बारोनेस, सांग मादामना, मागालीने काल सूप आणून दिलं."

"बारोनेस, सांग यांना, मागालीच्या सुपात मीठ नसतं."

एकदा मी दुधाच्या बरण्या घ्यायला गेले तर अमेदे शेळीच्या कुशीला डोकं टेकवून सावकाश बोलत होता. "माझी बायको शेवटी शेवटी काही खायची नाही. मी रोज वेगळं चीज न्यायचो. ती नुसता वास घ्यायची आणि कुठल्या गावचं ते सांगायची. चुकायची नाही." फळीवर फोन चालू होता. बऱ्याच वेळाने लिदी म्हणाली, "हं." एवढंच. मी बरण्या न घेताच परत फिरले.

चीजच्या कामाची वाटणी त्याने पहिल्याच दिवशी केली होती. "माझ्या अंगाखांद्यावर निळी बुरशी असते," तो मला म्हणाला होता. "जन्मभराची. मी अंघोळ करीन, तिचा कोट घालीन, दुधाला विरजण लावीन, साचे भरीन. पण तळघरात मी पाऊल टाकणार नाही. खालची चीजं उलटणं-सुलटणं तू करायचं." आणि मी ते करत होते. लिदीचं तळघर तिच्या आईचं. त्या दगडी भिंतींवरच जे काही पिढ्यान्‌पिढ्या राहत आलंय, त्यानेच तिच्या पिकोदोंला ती बदामासारखी चव येते. निळी बुरशी एकदा तिथे शिरली तर इतर कशाला जगू देणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ईस्टरच्या आठवड्यात मात्र मला भट्टी सोडून हलता येईना. सारं खोरं पावासाठी दारात उभं. तळघरात चीजं उलटायची राहिली होती, ओली होऊन फळ्यांना चिकटत होती. अमेदेने गरम पाण्याने अंग घासलं, धुतलेले कपडे घातले, लिदीचे लाकडी जोडे पायात घातले आणि खाली उतरला. टोपी डोक्यावरच राहिली. तीच तपकिरी टोपी, जी घालून तो वर्षानुवर्षं स्वतःच्या तळघरात चीजला सुया टोचत आला होता. ती डोक्यावर आहे हे त्याला, चष्मा लावलेल्या माणसाला चष्मा जाणवत नाही तसं, जाणवलंच नाही.

आठवड्याभराने मला एका चकतीच्या कडेला निळसर ठिपका दिसला. मी ती वेगळी काढली. दोन दिवसांनी पूर्ण फळीवर ठिपके होते आणि भिंतीच्या सांध्यात निळं-हिरवं काही तरी मखमलीसारखं उगवलं होतं. मी वर येऊन सांगितलं. अमेदेने डोक्याला हात लावला, टोपी हाताला लागली, आणि तो तिथेच पायरीवर बसला.

"फोनवर नाही सांगायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार आटोपून मी त्याला माझ्या गाडीतून व्हालांसला नेलं. लिदी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, गळ्यात रुमाल. तो येणार हे तिला कळलं होतं. अमेदे उभ्यानेच सगळं बोलला. मी त्याला एका दमात इतकी वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. टोपीचंही सांगितलं.

लिदीने गळ्यातला रुमाल सोडला.

"माझ्या आईच्या भिंती," ती म्हणाली. मग वर बघितलं. "हे काय केलंस तू?"

त्याने मान खाली घातली.

"जा," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

परतीच्या वाटेवर क्रे गाव मागे पडलं तेव्हा त्याने काच खाली केली. मग म्हणाला, "मागाली, मला 'तू' म्हणाली."

"रागात म्हणाली हो."

"हो. रागातच." त्याने काच पुन्हा वर केली. "पण म्हणाली."

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. अमेदेने तो तरीही फळीवर ठेवला आणि धारा काढल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेळ्यांनाही काही तरी चुकल्यासारखं वाटत असावं, कारण दूध कमी झालं. त्याने तळघर रिकामं करायला घेतलं. आधी घाटाखालच्या न्हाव्याकडे जाऊन डोकं पूर्ण भादरून घेतलं आणि मिशाही काढून टाकल्या. अंगावरचे सगळे कपडे जाळले, नवे घेतले. मुलाचा पठारावरून फोन आला, "बाबा, आपलं तळघर कोण बघणार? सुया कोण टोचणार?" तेव्हा तो म्हणाला, "तू. खोल टोच, आणि घाई करू नको." मग त्याने फळ्या वर आणल्या, उन्हात मांडल्या आणि ब्रश घेऊन दिवसभर घासत बसला. मिशांशिवाय त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा उघडा पडला होता. बाजारात पहिल्यांदा त्याला कुणी ओळखलं नाही.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी गोठ्यातच होते, तेव्हा फोन वाजला.

"बारोनेस ऐकतेय का?" लिदीने विचारलं.

"ऐकतेय," अमेदे म्हणाला.

"तिला सांग, भिंतींना चुना लावायच्या आधी त्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवाव्या लागतात. दोनदा. नाहीतर चुना धरत नाही."

अमेदेचा हात सडावरच थांबला.

"मी शाळेत जायला लागले तेव्हा आमच्याकडे काळी बुरशी आली होती," ती पुढे म्हणाली. "मांजराच्या केसांसारखी. आईने सगळं फेकलं, भिंती धुतल्या, चुना लावला आणि शेजाऱ्यांकडून फाटलेल्या दुधाची निवळी मागून आणून नव्याने विरजण लावलं. वर्षभर आमचं चीज कुणी घेतलं नाही. पण तळघर मेलं नाही. मला हे आठवायला इतके दिवस लागले." ती थांबली. "मी फार ओरडले का?"

"नाही."

"खोटं बोलतोस. शेजारच्या खाटेवरची बाई अजून माझ्याशी बोलत नाही."

त्या संध्याकाळी दूध पुन्हा भरपूर निघालं.

जूनमध्ये लिदी कुबड्यांवर घरी आली. टॅक्सीतून उतरली तेव्हा अंगणात एक टकला, गुळगुळीत तोंडाचा माणूस उभा होता. तिने त्याला नमस्कार करून विचारलं, "बदली माणूस तुम्हीच का?"

"मी अमेदे."

तिने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. मग कुबड्या मला धरायला दिल्या आणि दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले, जिथे मिशांची टोकं असायची तिथे. "अरे वेड्या," ती हळूच म्हणाली.

आधी ती गोठ्यात गेली. शेळ्यांनी तिला असं घेरलं की ती पडते की काय अशी मला भीती वाटली. बारोनेस मात्र अमेदेच्या शेजारून हलली नाही. लिदीने ते पाहिलं. मग तिने बिघडलेलं एखादं पिकोदों उरलंय का विचारलं. सगळी डुकरांना घातली होती, पण अमेदेने एक पत्र्याच्या डब्यात बंद करून गाडीत, घरापासून लांब ठेवलं होतं. तिला दाखवायला. तिने अंगणातच उभं राहून त्याचा तुकडा तोंडात टाकला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. अशा वेळी गोष्टींमध्ये काही तरी नवलाचं घडतं, अपघाताने नवं चीज सापडतं, असं मला उगाच वाटून गेलं.

लिदीने तोंड वाकडं केलं आणि गवतात थुंकली. "कडू. वर साबणासारखं. अमेदे, हे खरंच फार वाईट झालंय." आणि ती हसायला लागली. कुबड्यांवर रेलून, खुबा दुखेपर्यंत हसली. अमेदेला आधी कळेना, मग तोही हसला. आवाज न करता, खांदे हलवत.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "माझ्या तळघरात तू कधीही यायचं नाहीस. मी मेले तरी खाली यायचं नाही."

"कळलं," अमेदे म्हणाला. तो घरात गेला आणि थोड्या वेळाने आपली बॅग घेऊन बाहेर आला. "मी निघतो मग."

"कुठे?"

"वर. घरी."

"का? गोठा काय तळघरात आहे?" लिदी म्हणाली. "मला तिपाईवर बसता येत नाही अजून. आणि त्या बयेने तुला सोडलं तर ना."

त्याने बॅग खाली ठेवली.

उन्हाळाभर लिदीच्या चीजना काही धड चव नव्हती. निवळी तिने वरच्या गावातल्या एका बाईकडून मागून आणली होती. दूध धरायचं, चकत्या नीट सुकायच्या, पण खाताना खडूसारख्या लागायच्या. ती त्या बाजारात आणायची आणि गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायची, "या वर्षी नका घेऊ. शेजारचं निळं घ्या." अमेदे रविवारी पठारावर जायचा, मुलाने टोचलेली चीजं बघून यायचा, आणि परत आला की अंगणातल्या नळाखाली डोक्यापासून पायांपर्यंत अंघोळ करायचा. लिदी उंबऱ्यात धुतलेले कपडे घेऊन उभी असायची. पठारावरचे कपडे कुंपणाच्या पलीकडे, पिंपात. ती त्याचे कान तपासायची. लहान मुलाचे तपासावेत तसे, मागून वळवून.

पानं गळायला लागली तेव्हा मी एका संध्याकाळी पाव द्यायला गेले. अमेदे तळघराच्या झरोक्याशेजारी, बाहेरच्या बाकावर बसला होता. केस पुन्हा आले होते, मिशा त्याने ठेवल्या नव्हत्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"चाखतेय," तो म्हणाला.

झरोक्यातून काही आवाज येत नव्हता. मग कुबडी ठेवल्याचा आवाज आला. आता तिला एकच लागायची.

"अमेदे."

"हं."

"खालच्या फळीवरची. सगळ्यात डावीकडची." सुरी फळीवर वाजली. "ही आहे. आईची आहे."

अमेदेने डोळे मिटून घेतले. त्याला ती चव अजून दिलेली नव्हती, पण त्याने विचारलंही नाही.

"बाकीच्यांना अजून वेळ आहे," लिदी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता आणि तिने तो लगेच पुसून घेतला. "तू बाहेर थंडीत का बसलायस? आत जा. सूप चुलीवर ठेव."

"ठेवलंय."

"मग ढवळ जाऊन. खाली लागेल."

तो उठला, माझ्या हातातला पाव घेतला आणि घरात गेला. त्या वर्षी घाटात पहिला बर्फ पडून रस्ता बंद झाला, तेव्हा अमेदे लिदीच्याच घरी होता. रस्ता बंद व्हायच्या आधी गाडी घेऊन वर पठारावर जायला वेळ मिळाला नाही का, हे त्याला कुणी विचारलं नाही.